टी-पेशीच्या रिसेप्टरची एक ओळ कशी वाचायची: बी२७, टीआरबीव्ही९ आणि आखडणारा मणका

ऑटोइम्यून आजारावरचा, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उठते अशा आजारावरचा, एखादा नवा शोधनिबंध उघडला की तक्त्यात कुठेतरी अशी ओळ भेटतेच: टीआरबीव्ही९, मग पंधराएक अक्षरांची माळ, मग टीआरबीजे२-३. शेजारच्या रकान्यात लिहिलेलं असतं की ही टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीची शिपाई पेशी, अमुक प्रतिजन (तिला जागं करणारा रेणू) ओळखते. एमएस्सीच्या विद्यार्थ्यांना, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच डॉक्टरांनाही, या दोन रकान्यांमधली वाट दिसत नाही. जनुकाच्या नावावरून ती पेशी कशावर धावून जाणार हे कळतं कसं? आणि कळलं असं म्हणायचं ते किती खात्रीनं?

इथे ती एकच ओळ घेऊन पायरीपायरीनं वाचू. उदाहरण अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसचं, म्हणजे तरुण वयात कंबर आणि मणका आखडवणाऱ्या संधिवाताचं. या आजारात रिसेप्टरच्या जनुकापासून प्रतिजनापर्यंत आणि तिथून औषधापर्यंतची साखळी बरीचशी जुळली आहे. इतर बहुतेक ऑटोइम्यून आजारांत ती मध्येच तुटलेली असते. तुलनेसाठी सिलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा करणारा आजारही अधूनमधून येईल.

सुरुवातीलाच एक गोंधळ मिटवू

'टीसीआर जनुक', म्हणजे टी-पेशीच्या रिसेप्टरचं जनुक, म्हटलं की लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. एक म्हणजे आईवडिलांकडून आलेलं जनुक, जे शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सारखंच असतं. दुसरी म्हणजे थायमसमध्ये, टी-पेशी घडवणाऱ्या आणि चाळणाऱ्या छातीतल्या ग्रंथीत, प्रत्येक टी-पेशीनं स्वतःपुरती केलेली जुळणी.

मूळ साठा असा आहे. रिसेप्टर अल्फा आणि बीटा या दोन प्रथिनसाखळ्यांचा बनतो, आणि साखळीचं जनुक व्ही, डी, जे अशा तुकड्यांतून जुळतं; टीआरबीव्ही९ म्हणजे बीटाचा एक व्ही तुकडा. अल्फा साखळीची जनुकं चौदाव्या गुणसूत्रावर, बीटाची सातव्यावर. बीटासाठी सुमारे ४८ चालू व्ही तुकडे, २ डी आणि १३ जे. अल्फाला डी नाही, पण व्ही ४५ च्या आसपास आणि जे ५० च्या आसपास. प्रत्येक टी-पेशी यांतला एकेक तुकडा उचलते, आरएजी-१ आणि आरएजी-२ ही प्रथिनं मधला डीएनए कापून काढतात आणि टोकं जोडली जातात. नुसत्या या निवडीतून दोन्ही साखळ्यांच्या मिळून अठ्ठावीस लाखांच्या घरात जोड्या होतात. आकडा मोठा वाटतो, पण खरी विविधता यातून येतच नाही. ती येते सांध्यावर. जोडताना टोकांची काही अक्षरं झडतात आणि टीडीटी नावाचं विकर तिथे मनाला येतील ती नवी अक्षरं घालतं. ही भर कुठल्याही गुणसूत्रावर आधी लिहिलेली नसते.

म्हणून आजाराशी नातं शोधताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: बोलणं वारशानं आलेल्या फरकाबद्दल चाललं आहे की पेशीगणिक बदलणाऱ्या जुळणीबद्दल? वारशातला टीसीआर जनुकाचा फरक आजाराशी ठळकपणे जोडला गेल्याची उदाहरणं फार थोडी. त्यांतलं सर्वांत ठाशीव नार्कोलेप्सीचं, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याच्या आजाराचं. २००९ मध्ये संपूर्ण जनुकसंचाच्या तपासणीत या रुग्णांत चौदाव्या गुणसूत्रावरच्या अल्फा जनुकांचा भागच पुढे आला. एचएलए म्हणजे प्रथिनांचे छोटे तुकडे, पेप्टाइडं, टी-पेशीसमोर मांडणारे रेणू; त्यांचे प्रकार माणसागणिक वेगळे. त्याच रुग्णांत त्यांतला एचएलए-डीक्यूबी१*०६:०२ जवळजवळ सर्वांकडे असतो, त्यामुळे तिथे टी-पेशीचा हात असल्याचा संशय बळावला. बाकी बहुतेक ऑटोइम्यून आजारांत वारशाचा मोठा वाटा एचएलएचा असतो आणि टीसीआरची गोष्ट जुळणीत दडलेली असते. आपली ओळही जुळणीचीच आहे.

पायरी १: ओळीचे तुकडे पाडा

तक्त्यातली ओळ अशी धरू: बीटा साखळी टीआरबीव्ही९, टीआरबीजे२-३, सीडीआर३ असा: सी-ए-एस-एस-व्ही-जी-एल-वाय-एस-टी-डी-टी-क्यू-वाय-एफ. प्रत्येक अक्षर म्हणजे एक अमिनो आम्ल. अल्फा साखळी टीआरएव्ही२१.

रिसेप्टरच्या प्रत्येक साखळीला टोकाशी तीन वळसे असतात: सीडीआर१, सीडीआर२, सीडीआर३. पहिले दोन पूर्णपणे व्ही तुकड्यात लिहिलेले असतात. म्हणजे 'टीआरबीव्ही९' एवढं नाव वाचलं की बीटाचे पहिले दोन वळसे आपोआप कळले, तक्त्यात त्यांचा वेगळा रकाना नसला तरी. हे दोन वळसे बहुधा एचएलएच्या भिंतींवर टेकतात. तिसरा वळसा व्ही, डी आणि जे यांच्या सांध्यावर बनतो आणि बहुधा पेप्टाइडच्या डोक्यावर येतो. 'बहुधा' हा शब्द मी मुद्दाम घालतो आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या, म्हणजे मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब करणाऱ्या आजाराच्या, एका रुग्णातून मिळालेला ओबी.१ए१२ नावाचा रिसेप्टर मायलिनच्या पेप्टाइडच्या मध्यावर न बसता एका टोकाकडे सरकून बसतो, हे २००५ मध्ये त्याच्या स्फटिकरचनेवरून दिसलं. स्वतःच्याच शरीरावर उठणारे रिसेप्टर काही वेळा असे तिरके बसतात. थायमसच्या चाळणीतून ते सुटतात यामागे हेही एक कारण असावं असं मानतात.

इथे दोन व्यावहारिक खड्डे आहेत. सीडीआर३ कुठून कुठपर्यंत मोजायचा यात एकवाक्यता नाही. काही तक्ते सुरुवातीचा सी आणि शेवटचा एफ धरून छापतात, काही दोन्ही वगळून. लांबी मोजण्याआधी किंवा दोन निबंध ताडून पाहण्याआधी हे बघा, नाहीतर एकच क्रम दोन वेगळे वाटतील. दुसरा खड्डा नावांचा. जुन्या निबंधांत आणि अजूनही फ्लो सायटोमेट्रीच्या (पेशी रंगवून मोजण्याच्या तंत्राच्या) अँटिबॉडींच्या डब्यांवर व्ही-बीटा १, व्ही-बीटा २ अशी जुनी नावं चालतात. आजचा टीआरबीव्ही९ म्हणजे जुना व्ही-बीटा १. आजचा टीआरबीव्ही७-२ म्हणजे जुना व्ही-बीटा ६.७. आकडा सारखा दिसला म्हणून जनुक तेच असेल असं धरू नका. आयएमजीटी या प्रतिकारशक्तीच्या जनुकांच्या माहितीसंग्रहाच्या संकेतस्थळावर जुन्या-नव्या नावांचा तक्ता आहे, तो शेजारी उघडा ठेवा.

पायरी २: वारशाची अक्षरं कुठली, भर कुठली

ही माझ्या आवडीची पायरी. पेन्सिल घेऊनच करावी.

टीआरबीव्ही९ चं शेपूट सी-ए-एस-एस-व्ही असं संपतं. टीआरबीजे२-३ ची सुरुवात एस-टी-डी-टी-क्यू-वाय-एफ अशी होते. म्हणजे पंधरापैकी पहिली पाच अक्षरं व्हीकडून आली, शेवटची सात जेकडून. मध्ये उरली तीन: जी-एल-वाय. डी तुकड्याची काही छाया आणि टीडीटीनं घातलेली भर यांतून बनलेली ही तीनच अक्षरं. पेशीनं स्वतः मिळवलेली कमाई तेवढीच.

आता याच आजाराच्या इतर रुग्णांत सापडलेल्या ओळी शेजारी मांडा. मधली तीन अक्षरं कुठे जी-एल-एफ आहेत, कुठे ए-टी-वाय. दोन्हीकडची अक्षरं मात्र तीच. आणि मधल्या तिघांतल्या शेवटच्या जागी पाहा: वाय किंवा एफ. टायरोसिन किंवा फिनाइलॲलनिन, दोन्हींना सुगंधी वलय असलेलं. वेगवेगळ्या देशांतल्या, एकमेकांशी नातं नसलेल्या रुग्णांत मधली भर बदलते, पण तिचा रासायनिक स्वभाव बदलत नाही. याला मोटिफ म्हणतात. एकच अक्षरमाळ अनेकांत सापडण्यापेक्षा असा मोटिफ सापडणं मला जास्त बोलकं वाटतं. वेगवेगळ्या अक्षरांतून वारंवार तोच आकार उगवत असेल, तर तो आकार कशाच्या तरी दाबाखाली निवडला गेला असणार.

सिलिॲकमध्ये हेच चित्र दुसऱ्या रंगात दिसतं. ऑस्लोतल्या संशोधकांनी एचएलए-डीक्यू२.५ वर मांडलेलं ग्लायडिनचं, म्हणजे ग्लुटेनमधल्या प्रथिनाचं, एक विशिष्ट पेप्टाइड ओळखणाऱ्या पेशी गोळा केल्या. त्यांत टीआरबीव्ही७-२ आणि टीआरएव्ही२६-१ ही जोडी पुन्हा पुन्हा आली आणि बीटाच्या सीडीआर३ मध्ये ठरावीक जागी आर, म्हणजे आर्जिनिन. हा आर्जिनिन ना व्हीमध्ये लिहिलेला आहे, ना जेमध्ये. तो प्रत्येक रुग्णाच्या पेशीनं सांध्यावर नव्यानं घातलेला आहे, आणि नंतरच्या स्फटिकरचनांत तोच रिसेप्टरच्या पकडीचा खिळा ठरलेला दिसला. आतड्यातलं टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर ग्लायडिनमधल्या ग्लुटामिनचं ग्लुटामिक आम्ल करतं, म्हणजे पेप्टाइडवर ऋणभार चढवतं, आणि त्यामुळे ते डीक्यू२ मध्ये घट्ट बसतं. वारशाचा व्ही, नशिबाचा आर्जिनिन आणि विकरानं बदललेलं पेप्टाइड: तिन्ही जमलं तर विशिष्टता जमते.

व्ही जनुकाचं नाव आडनावासारखं समजा. 'पाटील' एवढ्यावरून गाव कळत नाही, पण नाव आणि तालुका जोडीला असले की माणूस सापडू शकतो.

पायरी ३: एचएलए विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका

टी-पेशी प्रतिजन मोकळं पाहत नाही, एचएलएच्या खोबणीत बसलेलं पेप्टाइड पाहते. त्झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४ मध्ये दाखवलेली आणि १९९६ मध्ये नोबेल मिळवून देणारी ही गोष्ट. त्यामुळे रुग्णाचा एचएलए प्रकार लिहिलेला नसेल तर टीसीआरची ओळ अर्धीच वाचता येते.

आपल्या उदाहरणात एचएलए-बी२७. १९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिसमधल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे या आजाराचं बी२७ शी असलेलं नातं दाखवलं. युरोपीय वंशाच्या रुग्णांत दहापैकी नऊ जणांकडे तो असतो. बी२७ हा वर्ग-१ चा रेणू, म्हणून त्याच्याकडे पाहणाऱ्या पेशी सीडी८ गटातल्या (सीडी४ आणि सीडी८ हे टी-पेशींचे दोन मोठे गट). सिलिॲकचा डीक्यू२ वर्ग-२ चा, म्हणून तिथे सीडी४. नमुन्यातल्या पेशी आधी सीडी४-सीडी८ अशा वेगळ्या केल्या नसतील तर ओळ कुठल्या बाजूची हे ठरवणं अवघड होऊन बसतं. सिक्वेन्सिंगला, म्हणजे जनुकांची अक्षरं वाचायला, नमुना पाठवण्याआधीच याचा विचार करावा.

बी२७ चा उपप्रकारही बघावा लागतो. बी*२७:०५ आजाराशी जोडलेला आहे, तर सार्डिनियात आढळणारा बी*२७:०९ फारसा नाही. दोघांत फरक एकाच अमिनो आम्लाचा, खोबणीच्या तळाशी, ११६ व्या जागी. रिसेप्टर त्या जागेला हातही लावत नाही. फरक पडतो तो कुठलं पेप्टाइड कसं बसतं यात. बी२७ ला पेप्टाइडच्या दुसऱ्या जागी आर्जिनिन लागतो. म्हणून कुणी सुचवलेल्या पेप्टाइडच्या दुसऱ्या जागी आर्जिनिन नसेल तर तिथेच भुवया उंचावा. पेप्टाइड खोबणीत जाण्याआधी त्याचं टोक कातरणारं ईआरएपी१ हे विकरही या आजाराशी जोडलेलं आहे, आणि तेही मुख्यतः बी२७ असलेल्यांत. मुद्दा पुन्हा पेप्टाइडवरच येऊन थांबतो. भारतीय रुग्णांत बी*२७:०५ सोबत बी*२७:०४ ही आढळतो, तेव्हा परदेशी निबंधातला निष्कर्ष आपल्या नमुन्याला लावण्याआधी उपप्रकार तपासलेला बरा.

एचएलए फक्त पेप्टाइड निवडून थांबत नाही, थायमसमध्ये रिसेप्टरांची निवडही करतो. २०२२ मध्ये मोठ्या संख्येनं लोकांच्या टीसीआरची त्यांच्या एचएलएशी सांगड घातली गेली, तेव्हा एचएलए-डीआरबी१ च्या १३ व्या जागेवरच्या अमिनो आम्लाचा सीडीआर३ च्या घडणीवर ठळक परिणाम दिसला. ऱ्हुमॅटॉइड संधिवात आणि टाइप १ मधुमेह यांच्या धोक्याच्या एचएलए प्रकारांमुळे रिसेप्टरांचा साठाच एका बाजूला झुकतो, अशी ती मांडणी. म्हणजे आजार सुरू होण्याच्या कितीतरी आधी पत्ते पिसताना थोडी खोट राहिलेली असते.

पायरी ४: हा क्रम मुळात किती सोपा आहे?

काही सीडीआर३ सहज बनतात. भर कमी, अक्षरं झडलेली कमी, की असे क्रम हजारो लोकांत आपोआप सापडतात. त्यांना 'सार्वजनिक' म्हणतात. आपल्या ओळीत भर फक्त तीन अमिनो आम्लांची आहे, म्हणजे ती बनायला फार कष्ट नाहीत. म्हणून 'पाच रुग्णांत तोच क्रम सापडला' एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. क्रम बनण्याची संभाव्यता काढणारी संगणक-साधनं आहेत, ओल्गा हे त्यांतलं मोफत मिळणारं एक. संभाव्यता जास्त असेल तर अनेकांत सापडणं हे नवल नव्हे. कमी असूनही अनेकांत सापडत असेल तर मात्र कान टवकारा.

तुलनेचा गट हा इथला कळीचा मुद्दा. रुग्णांची तुलना रस्त्यावरच्या कुठल्याही निरोगी माणसाशी केली तर फरक आजारामुळे की बी२७ मुळे, हे सांगता येणार नाही. तुलना हवी बी२७ असलेल्या निरोगी माणसांशी. टीआरबीव्ही९ चा मोटिफ पुढे आणणाऱ्या अभ्यासांना वजन आलं ते अशा तुलनेमुळे. मोटिफ निरोगी बी२७ धारकांतही दिसतो, पण रुग्णांत जास्त. म्हणजे केवळ हा रिसेप्टर असणं म्हणजे आजार नव्हे.

पायरी ५: पेशी कुठे सापडली

रक्तातला क्रम आणि सांध्यातल्या पाण्यातला क्रम यांचं वजन सारखं नाही. आजाराच्या जागी पेशीची बेसुमार वाढ झालेली असेल तर संशय घट्ट होतो. पण हा पुरावासुद्धा फसवतो. सुजलेल्या सांध्यात एपस्टाइन-बार विषाणू ओळखणाऱ्या पेशीही गोळा होतात. त्यांचा सांध्याशी वैयक्तिक काही संबंध नसतो, सूज आली म्हणून त्या आत येतात. म्हणून सांध्यात वाढलेल्या प्रत्येक क्लोनला (एकाच पेशीपासून वाढलेल्या गटाला) आरोपी ठरवण्याआधी तो ओळखीचा विषाणूवाला तर नाही ना, हे व्हीडीजेडीबीसारख्या, ओळखीचे टीसीआर आणि त्यांची प्रतिजनं नोंदवणाऱ्या, संग्रहात शोधा. टीआरबीव्ही१९ सोबत सी-ए-एस-एस-आय-आर-एस-एस-वाय-ई-क्यू-वाय-एफ असा क्रम दिसला तर तो एचएलए-ए२ वर मांडलेलं इन्फ्लुएंझाचं पेप्टाइड ओळखणारा जुना परिचित आहे. त्याच्यामागे वेळ घालवू नका. मात्र संग्रहात नाव सापडलं म्हणजे उत्तर मिळालं असंही नाही. तिथल्या बऱ्याच नोंदी मोजक्या विषाणूंच्या आणि मोजक्या एचएलएच्या आहेत, ऑटोइम्यून प्रतिजनांच्या नोंदी त्यामानानं तुटपुंज्या.

याच पायरीवर अल्फा-बीटाच्या जोडीचा प्रश्न येतो. साध्या, ढोबळ सिक्वेन्सिंगमध्ये हजारो अल्फा आणि हजारो बीटा मिळतात, पण कुणाची जोडी कुणाशी हे हरवतं. एकेका पेशीचं सिक्वेन्सिंग महाग आहे, तरी जोडी टिकते. प्रतिजन शोधायचा असेल तर दुसरा पर्याय नाही, कारण बीटा एकटी काही ओळखत नाही. शिवाय बीटाच्या बाबतीत पेशी एकाच जुळणीवर थांबते, अल्फाच्या बाबतीत तेवढी काटेकोर नसते. काही पेशींत दोन अल्फा साखळ्या असतात. तक्त्यात दोन अल्फा दिसल्या तर एक 'चूक' म्हणून खोडू नका, दोन्ही तपासा.

२०२२ च्या डिसेंबरमध्ये नेचरमध्ये आलेल्या कामात स्टॅनफर्ड, ऑक्सफर्ड आणि सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी नेमकं हेच केलं. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसच्या रुग्णांच्या रक्तातून आणि सांध्यातल्या पाण्यातून, तसंच बी२७ शी जोडलेला डोळ्याचा आजार, म्हणजे अँटिरिअर युव्हायटिस, असलेल्यांच्या डोळ्यातून त्यांनी पेशी काढल्या. टीआरबीव्ही९ चा मोटिफ असलेल्या पेशींत अल्फा पुन्हा पुन्हा टीआरएव्ही२१ निघाली. सांधा आणि डोळा, दोन वेगळ्या जागा, रिसेप्टरांची घडण मात्र एकच. या आजारात डोळा का लाल होतो, या जुन्या प्रश्नाला इथे पहिल्यांदा रेणूंच्या पातळीवरचं उत्तर दिसायला लागलं.

पायरी ६: प्रतिजन शोधा, आणि एकच मिळेल अशी आशा ठेवू नका

संशयित पेप्टाइड हाताशी असेल तर टेट्रामर वापरतात: तेच पेप्टाइड बसवलेले चार एचएलए रेणू एकत्र बांधून, चमकणारं रंगद्रव्य लावून, पेशी त्याला चिकटते का ते बघायचं. सिलिॲकमध्ये हे जमलं, कारण प्रतिजन माहीत होतं: गहू. बी२७ च्या आजारात प्रतिजनच ठाऊक नव्हतं, म्हणून उलट्या दिशेनं जावं लागलं. यीस्टच्या पृष्ठभागावर बी*२७:०५ आणि त्यात प्रचंड संख्येनं वेगवेगळी पेप्टाइडं बसवून त्यांचा संग्रह बनवला. रुग्णातून मिळालेला रिसेप्टर विरघळलेल्या स्वरूपात तयार करून कुठल्या पेप्टाइडला चिकटतो ते पाहिलं. चिकटलेल्या पेप्टाइडांतून एक साचा निघाला आणि तो साचा मानवी प्रथिनांत आणि जिवाणूंच्या प्रथिनांत शोधला. स्वतःच्या शरीरातली पेप्टाइडं मिळाली, जिवाणूंचीही मिळाली, आणि तेच रिसेप्टर दोन्हींमुळे उत्तेजित झाले. स्फटिकरचनेत दिसलं की दोन्ही प्रकारच्या पेप्टाइडांत रिसेप्टर पकडतो तो भाग समान आहे.

इथे पुष्कळ वाचक एक उडी मारतात: म्हणजे आतड्यातल्या जिवाणूंमुळे मणक्याचा आजार होतो! तसं सिद्ध झालेलं नाही. रिसेप्टर दोन्ही ओळखू शकतो, एवढं सिद्ध झालं. टी-पेशीचा एक रिसेप्टर किती पेप्टाइडं ओळखू शकतो याचा अंदाज हवा असेल तर टाइप १ मधुमेहाच्या रुग्णातून मिळालेला १ई६ हा रिसेप्टर पाहा. तो एचएलए-ए२ वर इन्सुलिनच्या पूर्वरूपाचं पेप्टाइड ओळखतो, आणि कार्डिफच्या गटानं २०१२ मध्ये दाखवलं की तोच रिसेप्टर दहा लाखांहून जास्त वेगवेगळ्या पेप्टाइडांना प्रतिसाद देऊ शकतो. तेव्हा 'या रिसेप्टरचं प्रतिजन अमुक' असं वाक्य वाचलं की मनात 'त्यांपैकी एक' असं जोडून घ्या.

याच पायरीवर एक कसोटी कधी टाळू नका. चिकटणं वेगळं, पेशी पेटून उठणं वेगळं. रिसेप्टर बसवलेल्या पेशींना पेप्टाइड दाखवल्यावर त्या प्रत्यक्ष कामाला लागतात का, आणि पेप्टाइड किती कमी मात्रेत असतानाही लागतात, हे पाहिलेलं असावं. शिवाय ते प्रथिन आजाराच्या जागी खरोखर असतं का, त्यातून ते पेप्टाइड पेशी स्वतः तयार करून मांडते का, हे प्रश्न उरतातच. बऱ्याच निबंधांत चर्चेच्या भागात ते हळूच उरकलेले दिसतात.

प्रतिजनाचा संपर्कही मोजावा लागतो. भारतातल्या सिलिॲकवरच्या २०१६ च्या अभ्यासात प्रौढांतलं प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के आलं. डीक्यू२ किंवा डीक्यू८ असलेल्यांच्या प्रमाणात एवढी तफावत नव्हती, गव्हाच्या खाण्यात मात्र होती. ज्वारी-भाताच्या ताटात योग्य एचएलए असूनही रिसेप्टरला काम मिळत नाही.

पायरी ७: पेशी काढून टाकली तर आजार जातो का?

याआधीच्या सगळ्या पायऱ्या नातं दाखवतात. कारण दाखवते ती ही.

इथे इतिहासाची आठवण ठेवावी. १९८० च्या दशकाच्या शेवटी उंदरांना मायलिनचं प्रथिन टोचून केलेल्या मेंदूच्या आजारात हल्लेखोर पेशी प्रामुख्यानं व्ही-बीटा ८ वापरतात असं दिसलं. त्या व्हीविरुद्ध अँटिबॉडी दिल्यावर उंदीर बरे झाले. माणसातल्या मल्टिपल स्क्लेरोसिसवरही हाच उपाय चालेल अशी मोठी आशा निर्माण झाली. चालला नाही. प्रयोगशाळेतले उंदीर एकाच वंशाचे, एचएलएच्या जागी सर्वांकडे तोच रेणू, आणि प्रतिजनही संशोधकानं स्वतःच टोचलेलं. माणसांत एचएलए वेगळे, प्रतिजनं अनेक, आणि व्हीचा झुकाव रुग्णागणिक निराळा. माझ्या मते त्या अपयशानंतर या क्षेत्रानं व्ही जनुकांकडे गरजेपेक्षा जास्त काळ पाठ फिरवली.

टीआरबीव्ही९ च्या बाबतीत परिस्थिती वेगळी होती: जवळजवळ सर्व रुग्णांकडे एकच एचएलए, व्ही ठरावीक, मोटिफ ठरावीक. रशियातल्या गटानं टीआरबीव्ही९ असलेल्या पेशी मारणारी अँटिबॉडी आधी माकडांवर तपासली आणि मग एका रुग्णाला दिली. २०२३ मध्ये नेचर मेडिसिनमध्ये त्यांनी लिहिलं: तीन महिन्यांत आजार शमला, पाच वर्षं चालू असलेलं टीएनएफविरोधी (सूज वाढवणारा टीएनएफ हा रेणू रोखणारं) औषध बंद करता आलं, आणि वर्षाला तीन मात्रांवर चार वर्षं आजार शांत राहिला. मणक्याची हालचालही सुधारली. विचार साधा आहे. टीएनएफ रोखलं की सगळ्याच प्रतिकारशक्तीचा एक हात बांधला जातो. इथे ४८ पैकी एका व्हीच्या पेशी जातात, बाकीचे शिपाई जागेवर राहतात. त्या पेशींतल्याही बहुसंख्य निरपराधच असतात, पण तेवढी किंमत शरीर सोसतं असं आतापर्यंत दिसलं आहे. हे औषध पुढे सेनिप्रुटग या नावानं रशियात २०२४ मध्ये मंजूर झालं.

एका रुग्णाचा अहवाल म्हणजे एकाच रुग्णाचा अहवाल. ज्यांच्याकडे बी२७ नाही पण हाच आजार आहे, त्यांच्यात हा तर्क लागू पडेलच असं नाही. आणि हीच युक्ती सिलिॲकवर चालवायची म्हटली तर अडते: एका ग्लायडिन पेप्टाइडला टीआरबीव्ही७-२ आवडतो, दुसऱ्याला दुसरे व्ही, आणि ग्लुटेनमध्ये अशी पेप्टाइडं भरपूर. एक व्ही काढून आजार जाणार नाही. तिथे गहू, बार्ली आणि राय सोडणं हाच आजवरचा खरा उपाय.

घरात कुणाचा बी२७ चा रिपोर्ट असेल तर

टीसीआर सिक्वेन्सिंग हे आज संशोधनाचं साधन आहे, निदानाचं नाही. टीआरबीव्ही९ चा मोटिफ तपासून घेण्यासाठी खासगी प्रयोगशाळेत पैसे खर्च करू नका, त्यावरून कुणी औषध ठरवणार नाही. बी२७ पॉझिटिव्ह येणं म्हणजेही आजार नव्हे. हा प्रकार असलेल्यांपैकी फार थोड्यांनाच आजार होतो, आणि लक्षणं नसताना घरातल्या सगळ्यांची ही तपासणी करून घेण्यात अर्थ नाही.

लक्षणं मात्र ओळखावीत. वय चाळिशीच्या आत, कंबरदुखी तीन महिन्यांहून जास्त, सकाळी उठल्यावर अर्धा तास किंवा त्याहून जास्त आखडलेपण, विश्रांतीनं वाढणारं आणि चालण्याफिरण्यानं कमी होणारं दुखणं, रात्री उत्तरार्धात दुखून जाग येणं: असं असेल तर संधिवाततज्ज्ञाकडे जा. एक्स-रेमध्ये बदल दिसायला वर्षं लागू शकतात, म्हणून एक्स-रे साफ आहे यावर समाधान मानू नका. कंबरेखालच्या सॅक्रोइलिॲक सांध्यांचा एमआरआय लागेल का ते विचारा. आणि बी२७ असलेल्या माणसाचा एक डोळा अचानक लाल होऊन दुखायला लागला, उजेड सहन होईनासा झाला, तर 'डोळे आले असतील' म्हणून दुकानातले थेंब घालू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि बी२७ असल्याचं त्यांना आधी सांगा.